धानाची बांधी आणि लहरींचे गणित

आषाढ-श्रावणात रोवणी आटोपत आली म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या बांध्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात, आकाश आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि नजरअंदाज पैसेवारीची मुदत अद्याप दूर असल्यामुळे महसुली दफ्तरात त्या पिकाविषयी एक अक्षरही उतरलेले नसते. परंतु नेमक्या त्याच दिवसांत, भूपृष्ठापासून सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून जाणारा सेंटिनेल-१ हा युरोपीय उपग्रह साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी या बांध्यांवर सोडतो, त्यांपैकी जेवढ्या परततात तेवढ्या नोंदवून घेतो, आणि जी गोष्ट तलाठ्याने अजून पाहिलेली नाही तिची एक आकडेवार नोंद कास्तकाराच्या नकळत तयार होऊन जाते. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला आपल्या देशाचा ईओएस-०४ हा उपग्रहही हेच काम करीत आहे. त्यापूर्वी २०१२ साली सोडलेला रिसॅट-१ ते करीत होता.

या नोंदीला आता केवळ शास्त्रीय कुतूहलाचे मोल राहिलेले नाही. २०२३ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत धान आणि गहू या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज करताना दूरसंवेदनावर आधारलेल्या पद्धतीला किमान ३० टक्के भार द्यावा, असे केंद्र शासनाने ठरविले. त्या अंदाजात साध्या प्रकाशात घेतलेल्या उपग्रहीय प्रतिमा, हवामानाच्या नोंदी, पीकवाढीची गणिती प्रतिरूपे असे पुष्कळ घटक मिसळलेले असतात हे मान्य करूनही, पावसाळी धानाच्या बाबतीत ढगांच्या आवरणामुळे मुख्य भिस्त अशा सूक्ष्मलहरींवरच ठेवावी लागते. म्हणजे गोंदियाच्या कास्तकारास नुकसानभरपाई मिळावी की न मिळावी, या निर्णयाचा एक हिस्सा आज या लहरींचे नियम सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांच्या उत्तरावर अवलंबून राहिला आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या गणिताने रयतेचा हक्क ठरतो ते गणित सातबाऱ्याइतके उघडे असले पाहिजे, आणि ज्या जमिनीसंबंधी ते निवाडा देते त्याच जमिनीवर त्याची परीक्षा झालेली असली पाहिजे.

लहरींची ही विद्या धानाला इतकी जवळची का, हे आधी पाहावयास हवे. ढगातील जलबिंदू मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढे असतात. साडेपाच सेंटीमीटरच्या लहरीला त्यांचे अस्तित्व जवळजवळ जाणवतच नाही, आणि म्हणून ती दिवसा-रात्री, पावसाळ्यातही, जमिनीपर्यंत पोहोचते. चिखलणी झालेल्या बांधीत संथ पाणी उभे असते तेव्हा तिरप्या आलेल्या लहरीला ते आरशासारखे पलीकडे परतवून लावते. उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत येत नाही आणि प्रतिमेत ती बांधी काळी दिसते. पुढे पऱ्हे रुजतात, फुटवे धरतात, उभे दांडे पाण्याबाहेर येतात, आणि मग लहर आधी पाण्यावर व तेथून दांड्यावर, किंवा आधी दांड्यावर व मग पाण्यावर, अशी दोनदा आपटून आल्या वाटेने परत फिरते. या दुहेरी परावर्तनामुळे व पानांच्या दाटीतून होणाऱ्या विकिरणामुळे परतणाऱ्या शक्तीचे मान पिकाच्या वाढीबरोबर दहापटीपर्यंत चढत जाते. असा काळ्याकडून उजळाकडे होणारा मोठा पालट दुसऱ्या कोणत्याही अन्नधान्याच्या पिकात इतक्या स्पष्टपणे दिसत नाही. कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधले गेलेले आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारजमा झालेले आपल्या भागातील मामा (माजी मालगुजारी) तलावही त्या प्रतिमांत तसेच काळे उमटतात, आणि त्यांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या बांध्या केव्हा भरल्या व केव्हा सुकल्या याचा एक विश्वसनीय रोजनामा त्यातून मिळू शकतो. या साधनाचा मी विरोधक नाही. त्याच्या सामर्थ्याविषयी मला मनापासून आदर आहे.

परंतु सामर्थ्य कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते, हे कळण्यासाठी या गणिताचे अंतरंग थोडे उलगडणे आवश्यक आहे. १८६५ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी विद्युत आणि चुंबकत्व यांचे एकत्रित शास्त्र प्रसिद्ध केले, १८८८ पर्यंत हाइनरिख हर्ट्झ यांनी त्या लहरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या, आणि १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याहून कितीतरी आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. बोस यांनी पुढे १८९८ मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्यांमधून अशा लहरी नेऊन त्यांच्या ध्रुवणाची दिशा फिरते हे सिद्ध केले. वनस्पतीच्या तंतूंची मांडणी लहरीवर आपली खूण उमटविते, ही गोष्ट या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी प्रयोगाने स्थापित झालेली आहे, आणि आज उभ्या धानाचे दांडे उभ्या ध्रुवणाच्या व आडव्या ध्रुवणाच्या लहरींना निरनिराळा प्रतिसाद देतात याचा उपयोग करून पिकाची अवस्था ओळखली जाते, तीही त्याच तत्त्वाची परिणती होय.

समीकरणे ज्ञात असली म्हणजे उत्तरही हाती आले, असे मात्र नव्हे. १९६६ साली केन यी यांनी एक मोठी सरळ रीत सांगितली: अवकाशाचे लहान लहान घनाकार खाने पाडावेत, प्रत्येक खान्यात विद्युतक्षेत्राचे तीन व चुंबकीय क्षेत्राचे तीन असे सहा घटक धरावेत, आणि काळाच्या एकेका सूक्ष्म पावलाने ते आलटून पालटून पुढे काढीत जावे. खाना लहरीच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा असता कामा नये, हा त्यातील दंडक. आता एक हेक्टर धान घ्या, त्याची उंची एक मीटर धरा, आणि पाच मिलिमीटरचे खाने पाडा. त्या एकाच शेताचे ८,००० कोटी खाने होतात, प्रत्येकात सहा संख्या, आणि ही सर्व पंगत हजारो पावले पुढे न्यावयाची. एका गटाची ही कथा. तालुक्यातील सर्व गटांसाठी आणि हंगामातील प्रत्येक फेरीसाठी असे गणित करणे कोणत्याही शासनाच्या आवाक्यातील नाही. शिवाय ते करावयाचे म्हटले तरी प्रत्येक पान कोठे आहे व कसे कलले आहे, हे कोणास ठाऊक?

म्हणून शास्त्रज्ञ संक्षेपाचा मार्ग स्वीकारतात. पिकाकडे पाण्याच्या थेंबांचा एक ढग म्हणून पाहणारे, १९७८ साली अटेमा आणि उलाबी यांनी मांडलेले साधे प्रतिरूप आजही सर्वत्र वापरात आहे. त्याहून काटेकोर पद्धतींत दांडे म्हणजे यदृच्छेने विखुरलेले दंडगोल आणि पाने म्हणजे पातळ चकत्या असे मानून एकूण विकिरणाची सरासरी काढतात. धानाच्या बाबतीत पायाभूत समजला जाणारा तुय ले तोआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातील प्रयोगशेते होती जपानातील अकिता व जावा बेटावरील सेमारांग येथली. त्या निबंधाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु अकिताच्या थंड हवेत वाढलेला धान आणि सालेकसा-देवरीच्या जंगलकाठी उतारावरच्या बांधीत वाढलेला धान यांचे दांडे, त्यांची दाटी, त्यांतील पाण्याचा अंश आणि खालची माती सारखी असेल असे मानण्यास आधार काय? संक्षिप्त प्रतिरूपात काही स्थिरांक असतात, ते कोणत्या तरी शेतात मोजूनच बसवावे लागतात, आणि ज्या शेतात ते बसविले गेले त्या शेताची छाया पुढील प्रत्येक उत्तरावर पडते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. पीक ठाऊक असेल तर परतणारी लहर काढणे हा सरळ प्रश्न झाला. परतलेली लहर ठाऊक असता पीक काढणे हा विलोम प्रश्न, आणि विमा ज्यावर उभा आहे तो हा दुसरा. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले की, प्रश्न सुस्थापित म्हणावयाचा तर त्याला उत्तर असले पाहिजे, ते एकच असले पाहिजे, आणि माहितीतील अल्प फरकाने ते फार हलता कामा नये. आपला विलोम प्रश्न यांतील दुसरी व तिसरी अट सहसा पाळीत नाही. दाट पानांचा ठेंगणा धान आणि विरळ पानांचा उंच धान एकाच मानाची लहर परत पाठवू शकतात. कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक तीन-चारच्या घरात, तर पाण्याचा सत्तर-ऐंशीच्या घरात; त्यामुळे बांधीतील पाणी ओसरले एवढ्यानेच पिकात काडीचाही फरक न पडता लहरीचे मान बदलून जाते. अशा वेळी संगणक उत्तर देतोच. फक्त ते अनेक संभाव्य उत्तरांपैकी एक असते, आणि कोणते निवडावे हे त्याला आधी पढविलेल्या स्थानिक माहितीने ठरते.

ती स्थानिक माहिती कोणती, हे गोंदियाच्या कोणाही जाणत्या कास्तकारास विचारावे. एकाच शिवारात धुऱ्याच्या अलीकडे हलका धान आणि पलीकडे भारी धान असतो. आश्विनात हलक्याची कापणी सुरू होऊन कडपा पडलेल्या असतात तेव्हा भारी धान नुकता निसवत असतो, आणि उपग्रहाच्या एकाच दिवसाच्या प्रतिमेत दोन्ही शेजारी शेजारी उमटतात. कोणी रोवणी करतो, तर मजुरी परवडत नाही किंवा पाणी वेळेवर येत नाही म्हणून कोणी आवत्या टाकतो, म्हणजे बी थेट शेतातच फेकून पेरतो. आवत्याच्या शेतात प्रारंभीचे ते संथ पाण्याचे काळेपण मुळीच दिसत नाही, आणि रोवणीच्या धानावर बसविलेले गणित त्या शेताला धानच न समजण्याचा संभव असतो. गादमाशीचा विचार केला तर प्रकरण अधिकच नाजूक होते. या किडीने ग्रासलेल्या फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो, त्याला लोंबी येत नाही, परंतु झाड हिरवे, ओलसर आणि दाट राहते. लहरीला दिसते ती पाण्याची व आकाराची दाटी, आणि दाणा भरला की नाही हे तिला दिसतच नाही. साडेपाच सेंटीमीटरच्या लहरीची आणखी एक मर्यादा अशी की, पीक एका दाटीपलीकडे गेले म्हणजे परतीचे मान वाढावयाचे थांबते. नेमका लोंबी भरण्याचा काळ या मुकेपणात जातो. उत्पादन म्हणजे दाणा. आणि दाण्याविषयी लहर जे सांगते ते सर्व अनुमानाने, प्रत्यक्षाने नव्हे.

बांधीच्या लहानपणाची अडचण वेगळी. सेंटिनेल-१ ची नेहमीची पृथक्करणशक्ती पाच मीटर गुणिले वीस मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. त्या एका तुकड्यात हजारो पाने-दांडे असतात, त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे बळावतात व कोठे नष्ट होतात, आणि प्रतिमा ठिपक्याठिपक्यांची दिसते. एकेका तुकड्यातील अनिश्चितता मूळ मानाइतकीच मोठी असते. अर्ध्या एकराच्या शेतात असे वीसच तुकडे मावतात. त्यांची सरासरी काढली तरी वीसच्या वर्गमुळाने भागून अनिश्चितता सुमारे २२ टक्के उरते. विम्याचा घटक महसूल मंडळ असल्यामुळे हजारो शेतांच्या सरासरीत हा यदृच्छ दोष विरून जातो, हे खरे. पण आवत्या, गादमाशी किंवा हलका-भारी यांमुळे येणारा दोष एकाच दिशेने झुकलेला असतो, आणि तो कितीही सरासरी काढली तरी विरत नाही.

येथे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे स्मरण अपरिहार्य आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीक कापणी प्रयोगांची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली, आणि १९४६ साली असे निदर्शनास आणले की, कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर सीमेवरची झाडे आत धरण्याकडे मोजणाराचा कल होऊन उत्पादन वास्तवाहून अधिक दिसते. लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा जो वाद झाला तो निबंध लिहून, आकडे मांडून, सर्वांसमक्ष झाला. कोणत्या पद्धतीने किती चूक होते हे जाणण्याचा हक्क देशाला आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते. आज पिकांचे राष्ट्रीय अंदाज ज्या दिल्लीतील केंद्रात केले जातात त्याला महालनोबिस यांचे नाव आहे. त्या नावाची परंपरा पाळावयाची असेल तर लहरींच्या गणितातील झुकाव किती, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वाणाला, हे तितक्याच मोकळेपणाने छापले गेले पाहिजे.

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पीक कापणी प्रयोगही निर्दोष नाहीत. ते उशिरा होतात, दडपणाखाली होतात, कधी कागदावरच उरकतात, आणि यंत्र मात्र कोणाचे तोंड पाहत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, आणि म्हणूनच मी उपग्रह नको असे म्हणत नाही. परंतु यंत्राची निःपक्षपातता वेगळी आणि यंत्राला दिलेल्या स्थिरांकांची यथार्थता वेगळी. चुकीचा स्थिरांक सर्वांना सारखाच लावला गेला तर तो अन्याय सर्वांवर सारखाच होतो, न्याय होत नाही. दुसरा आक्षेप असा की, असले गणित प्रसिद्ध करून उपयोग काय, कास्तकाराला त्यातले काय कळणार? पैसेवारीचे सूत्र तरी सर्वांस कोठे कळत होते. तरीही ती नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा तीन टप्प्यांनी काढली जाते, आकडा गावोगाव समजतो, आणि चुकीचा वाटला तर लोक बोलतात, निवेदने देतात, पंचनाम्याची मागणी करतात. ज्याला सूत्र कळत नाही त्यालाही आपल्या शिवाराचा आकडा कळतो, आणि तो खरा की खोटा हे त्याच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही.

करावयाचे काम अवाढव्य मुळीच नाही. सेंटिनेल-१ च्या प्रतिमा विनामूल्य व सर्वांस खुल्या आहेत. गोंदियातील विज्ञान महाविद्यालयाचा विद्यार्थी साध्या संगणकावर त्या उतरवून घेऊ शकतो. नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, सिंदेवाही आणि साकोली येथे धानाची संशोधन केंद्रे आहेत, संगणनाचे बळ लागले तर १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभारणारी सी-डॅक संस्था पुण्यातच आहे. उणीव आहे ती या सर्वांना एका बांधीत आणून उभे करण्याची. प्रत्येक तालुक्यात काही गट निवडावे, हलका, भारी, रोवणीचा, आवत्याचा असा सर्व प्रकारचा धान त्यांत असावा. उपग्रह ज्या दिवशी वरून जातो त्या दिवशी विद्यार्थ्यांनी झाडांची उंची, फुटव्यांची संख्या, बांधीतील पाण्याची खोली आणि कापलेल्या धानाचे ओले व सुके वजन नोंदवावे, आणि शेवटी त्याच गटांत विधिवत कापणी प्रयोग व्हावा. लहरीचे मान तपासण्यासाठी धातूच्या तीन त्रिकोणी पत्र्यांचा, एकमेकांशी काटकोनात जोडलेला कोपरा शेताच्या कडेस बसवितात. त्याच्या आतील कडा एक मीटरच्या असतील तर सूत्राप्रमाणे तो साडेपाच सेंटीमीटरच्या लहरीला सुमारे १,३६० चौरस मीटरच्या लक्ष्याएवढा प्रतिसाद देतो, आणि प्रतिमेत चांदणीसारखा उठून दिसतो. काटकोन काळजीने साधले तर असा कोपरा तिरोड्याचा किंवा गोरेगावचा पत्रेकाम करणारा कारागीर बनवून देईल. आपल्या पोरांनी हाताने बसविलेल्या कोपऱ्याची चमक अवकाशातून आलेल्या प्रतिमेत सापडली, आणि तिचे मान समीकरणातून काढलेल्या आकड्याशी जुळले, तर पदवीच्या वर्गात मॅक्सवेलची समीकरणे घोकण्याहून ते शिक्षण कितीतरी खोल जाईल.

त्या नोंदी, वापरलेले प्रतिरूप, त्याचे स्थिरांक आणि प्रत्येक महसूल मंडळासाठी लहरींनी दिलेला आकडा व कापणीने दिलेला आकडा यांतील तफावत, हे सर्व मराठीत तहसील कचेरीच्या फलकावर लागावे, आणि अंतिम पैसेवारीपूर्वी हरकती ऐकण्याची मुदत असावी. जेथे तफावत एका ठरीव मर्यादेपलीकडे असेल तेथे लहरींचा भार आपोआप कमी होऊन कापणीचा आकडा ग्राह्य धरला जावा, अशी तरतूद करारपत्रात लिहिलेली असावी. ती नसेल तर विमा कंपनी आणि कास्तकार यांच्यातील तंट्यात दाद मागणाऱ्याच्या हाती काहीच कागद राहत नाही.

हे आताच करण्यास एक विशेष कारण आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या बारा मीटर व्यासाच्या परावर्तकातून सुमारे २४ सेंटीमीटरच्या आणि सुमारे ९ सेंटीमीटरच्या अशा दोन लहरी निघतात, आणि दर बारा दिवसांनी तो त्याच मार्गाने परत येतो. लांब लहर दाट पिकाच्या आत अधिक खोल जाते, साडेपाच सेंटीमीटरची लहर जेथे मुकी होते तेथेही ती काही सांगेल अशी आशा आहे. पण तिच्यासाठी जुने स्थिरांक चालणार नाहीत, नवे बसवावे लागतील, आणि ते कोणाच्या तरी शेतात बसणार आहेत. ती शेते गोंदियाची असावयाची तर गटांची निवड, कास्तकारांची संमती आणि विद्यार्थ्यांची तयारी पऱ्हे टाकण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आत झाली पाहिजे. कारण चिखलणीच्या दिवसाची पहिली काळी प्रतिमा एकदा हुकली की त्या शेताचे संपूर्ण हंगामाचे गणित आरंभाच्या आधाराशिवायच राहते, आणि ती प्रतिमा मिळविण्यास पुढील रोवणीपर्यंत थांबण्यावाचून दुसरा उपाय नसतो.